माझ्या टेबलाचं परमिट

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच कोणी हसलं की मला राग येतो. तसा मला कशानेही येतो म्हणा! पण गेल्या महिन्यातल्या रागानं माझी जी शोभा झाली ती मीच सांगितलेली बरी, नाहीतर आमची ही सगळ्या रिसाली वस्तीला सांगत सुटेल.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी अख्खी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला गेली. तिथे मशीनला हात लावायचा तर आधी परमिट लागतं. काय काम, काय काढणार, काय कुठे ठेवणार, सगळं कागदावर. त्यावर साहेबाची सही झाली की मशीन बंद करून त्यावर लाल टॅग लावतात. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, मोठ्या साहेबालाही मुभा नाही.

रिटायर झालो आणि मागच्या खोलीत टेबल टाकून गोष्टी लिहायला बसलो. टेबलावर रुळाचा एक तुकडा, आईचा अडकित्ता आणि बापाचा प्लांटमधला, नंबर कोरलेला पितळी बिल्ला. बाप भंडाऱ्याहून आला तो प्लांट उभा राहत होता तेव्हा. त्याचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे, तेवढा बिल्लाच आहे. तो समोर नसेल तर मला ओळ सुचत नाही.

आणि घरातली माणसं काय करायची? पुसायची! बिल्ला इकडचा तिकडे, कागद खालचे वर. शेवटी संतापून मी टेबलालाच लाल टॅग लावला आणि जाहीर केलं, यापुढे हात लावायचा तर लेखी परमिट आणा. बायको हसली, सून पल्लवी हसली. मी मुळीच हसलो नाही.

तर गेल्या महिन्यात मी चार दिवसांनी नागपूरहून लग्न आटपून परतलो. खोलीत पाऊल टाकतो तर काय, टेबलच नाही! नुसती भिंत. खोलीत औषधाचा उग्र वास मारत होता, पण रागात नाक चालतं का कोणाचं?

बायको जवळच पद्मनाभपुरला बहिणीकडे गेलेली. घरात पल्लवी एकटी. ती म्हणायला लागली, "बाबा, वो परमिट..."

"मधात बोलू नोको! बिल्ला कुठी हाय? कबाड्याले देल्ला का?"

"नाही बाबा, सुनो तो..."

"दुसऱ्याच्या घरून आलेल्याले त्याची काय कदर असन!"

हे मी बोललो. ती आत निघून गेली. मी स्कूटर काढली, चौकातल्या कबाड्याला चोर ठरवलं आणि त्याचा भंगाराचा ढीग स्वतःच्या हातानं उपसला. त्या भल्या माणसानं मला पाणी पाजलं. मी काळाकुट्ट होऊन घरी आलो.

बायको परतली होती. तिनं माझ्यापुढे एक कागद धरला.

अक्षर पल्लवीचं. काम: टेबलाच्या पायांना वाळवी, औषध मारणे, सुताराकडून पाय बदलणे. काय हलवणार: बिल्ला, अडकित्ता, रुळाचा तुकडा. कुठे ठेवणार: लोखंडी कपाट, वरचा कप्पा. आणि खाली? खाली माझी सही! आणि सहीच्या वर माझ्याच अक्षरात, "मंजूर. काम सुरू करा."

मग आठवलं. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी गोष्ट ऐन रंगात आली होती, कोणीतरी कागद सरकवला आणि मी मान वर न करता मंजुरी लिहून सही ठोकली. न वाचता सही करणाऱ्यांना मी नोकरीभर शिव्या घातल्या आहेत हो!

बायको म्हणाली, "तुमीच म्हनत होते ना, लेखी आना. पोरीनं लेखी आनलं. आता तिले जे बोलले ना, ते बी लेखी द्या."

पल्लवीनं कपाट उघडून बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. चिंचेनं घासलेला. पुसून गेला म्हणून मी ज्यावर पाणी सोडलं होतं, तो बापाचा नंबर स्पष्ट दिसत होता. आता ज्याच्यावर राग काढावा असा माझ्याशिवाय कोणी उरला नव्हता. मी म्हणालो, "चुकलं माह्यं, बेटा. बेकार बोललो मी तुले."

दुसऱ्या दिवशी नव्या पायांवर टेबल आलं. बिल्ला जागेवर, अडकित्ता जागेवर. पण टॅग गायब! मी पुन्हा ओरडणारच होतो, तेवढ्यात तो दिसला. माझ्या खुर्चीच्या पाठीला बांधलेला. त्यावर पल्लवीच्या अक्षरात, "दुरुस्ती चालू आहे."

तीन आठवडे झाले. नियम माझाच, त्यामुळे मला तो काढता येत नाही. रोज सकाळी तिला विचारतो, काढतेस का? ती चहा ठेवते, मला नीट न्याहाळते आणि म्हणते, "अभी काम बाकी है, बाबा."