हातमोजे घालून कुणी बघायचे

भिंगरीला भिंगरी हे नाव वहिनीनंच ठेवलं. पोरगी एका जागी बसेल तर शपथ. जेवताना मधेच उठणार, बोलताना दाराची कडी वरखाली करणार, उभी असली तरी पाय चालूच. शाळाही तिनं तशीच सोडली. तास चालू होता, ही उठली, दप्तर घेतलं आणि सरळ घरी आली. दादानं घर डोक्यावर घेतलं. वहिनी एवढंच म्हणाली, "उद्यापासून चल माझ्याबरोबर. तिथं तरी दमतेस का बघू."

वहिनीचं काम कुंपणं छाटायचं आणि रान माजलेल्या जागा मोकळ्या करायचं. आई गेल्यावर भिंगरीच्या वेण्या वहिनीनंच घातल्या, त्यामुळं वहिनीला कुणी वाकडा शब्द बोललं की ही अंगावर जायची. "तुझी वहिनी आता थकली," असं एकदा मुकादम नुसतं म्हणाला, तर हिनं त्याची सायकल उचलून काट्यांच्या ढिगात नेऊन उभी केली. दोन्ही चाकं बसली. वहिनीनं हिचा कान पिळला, पण घरी जाईपर्यंत हसत होती.

गेल्या थंडीत वहिनीच्या डाव्या तळहातात काटा मोडून बसला. तिनं दुर्लक्ष केलं. हात टम्म सुजला, आत पू झाला, डॉक्टरांनी फाडून काढला. "पुन्हा असं पिकलं तर बोटं राहतील असं मी सांगत नाही," ते म्हणाले. वहिनीनं मान हलवली. भिंगरीला मात्र त्या दिवसापासून चैन नव्हती.

आणि आता गोदामामागची जागा साफ करायला मिळाली होती. अंगठ्याएवढ्या जाड काटेरी वेली, एकमेकींत गुंतलेल्या. वहिनीचे हातमोजे म्हणजे दादाच्या जुन्या पँटचे तुकडे, घरीच शिवलेले.

"ते घालून तू तिथं गेलीस तर मी गोदामाच्या दारात आडवी पडेन," भिंगरी म्हणाली.

"पड की. तेवढा वेळ तरी एका जागी राहशील."

पण वहिनी नवे मोजे घ्यायला दुकानात आली. भिंगरीनं येताना त्याच रानातली एक वेल तोडून गोणपाटात गुंडाळून घेतली होती. ती तिनं काउंटरवर उलगडली, तसा दुकानदार मागं सरकला.

"अगं बाई, हे काय? दुकान आहे का जंगल?"

"काका, कुणीही म्हणेल काटा लागत नाही. आम्ही पकडून बघणार."

"आणि मोजे फाटले तर?"

"फाटले तर तुमचे मोजे वाईट. आमची वेल चांगली आहे."

दुकानदारानं कपाळावर हात मारला आणि खोके काढले. पहिला जोड विणलेला, तळव्याला रबर. वहिनीनं डाव्या हातात चढवला, वेल मुठीत धरली, दाबली, पिळली.

"काय?" भिंगरी.

"काही नाही लागत. मस्त आहे. हलकापण आहे. हाच घेऊ."

"बघा," दुकानदार खूश झाला. "उगाच जंगल आणलं."

भिंगरीलाही हायसं वाटलं. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही आलो, असं म्हणत ती दारापर्यंत जाऊनही आली. परतली तेव्हा वहिनी मोजा काढत होती. मधल्या बोटाच्या टोकात काटा घुसलेला होता, चांगला अर्धा आत, आणि रक्ताचा ओघळ नखाखालून खाली येत होता.

"वहिनी, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

भिंगरी बघत होती तिथं वहिनीनं बघितलं. मग पटकन हात पदरात लपवला.

भिंगरीनं तो ओढून बाहेर काढला. काटा उपटला, दुकानदारानं दिलेल्या पाण्यात बोट धुतलं. वहिनी हूं की चूं करीना.

"ही दोन बोटं झोपलीत," ती शेवटी म्हणाली. "हात फाडला तेव्हापासून. वाटलं, उठतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू गप्प बसली असतीस? साऱ्या गावाला कळलं असतं. मुकादमानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला."

भिंगरी दुकानदाराकडं वळली. पण त्याच्यावर ओरडावं तर त्याची काय चूक? बाईच म्हणाली लागत नाही. म्हणजे हिनं वहिनीच्या हातात कुठलाही मोजा चढवला असता, तरी ती मस्तच म्हणाली असती. आणि काटा आत पिकत राहिला असता.

"सरक," ती म्हणाली. "मी घालते."

"तुझा हात केवढा, माझा केवढा!"

"काटा तोच आहे ना?"

मग ती एकामागून एक जोड घालत गेली. तोच विणलेला जोड घातला तर "आई गं!" एवढ्या जोरात किंचाळली की स्क्रू घ्यायला आलेला माणूस पिशवी टाकून मागं वळला. वेल्डिंगवाल्यांच्या मोज्यातून काटा जाईना, पण कात्रीही उघडेना. "यात हात आहे का पाय, तेच कळत नाही," ती म्हणाली. तिसऱ्याचं चामडं छान, पण शिवण बाहेरून. दोन बोटांच्या मधल्या टाक्यातून काटा बरोब्बर आत. तिनं बोट तोंडात घातलं आणि दुकानदाराकडं अशी बघायला लागली की तो न सांगता माळ्यावर चढला.

वरून आणलेला जोड मऊ चामड्याचा होता. तळव्याला आणि बोटांना दुहेरी थर, शिवण आतून, बाही पार कोपरापर्यंत. भिंगरीनं वेल धरली. दाबली. डोळे मिटून पिळली.

"लागलं?" वहिनी आणि दुकानदार एकदमच.

"नाही. आणि बोट वाकतंय."

"खरं?"

"मी तुझ्यासारखी खोटारडी नाही."

दोन जोड घेतले, एक वहिनीच्या मापाचा, एक हिच्या. पण बाहेर पडल्यापासून भिंगरी एकच धोशा लावून होती. वेल पकडणार ती, वहिनीनं फक्त कापायचं.

"तुला नाही जमायचं," वहिनी म्हणाली. "पकडणारा हलला की कात्री मनगटात. तू कधी हलत नाहीस ते सांग."

सकाळी गोदामामागं भिंगरीनं पहिली वेल पकडली. पाय फाकून, दात आवळून. नाकाला खाज सुटली. गुडघा आपोआप थरथरायला लागला.

"हलू नकोस."

"नाही हलत. काप ना गं लवकर!"

"तू थांब, मग कापते."

वहिनी कात्री उघडून नुसती उभी. भिंगरीनं श्वास धरला. गुडघा कसाबसा थांबला. कच्च! वेल सुटली, भिंगरी तिच्यासकट मागं बसली आणि ओरडली, "बघितलंस?"

तेवढ्यात वहिनीचा डावा हात सवयीनं पुढच्या वेलीकडं गेला. भिंगरीनं बसल्या जागेवरून त्यावर चापट मारली.

"तो हात मागं घे."

वहिनीनं हात मागं घेतला. कमरेवर ठेवला. तिथं बरं वाटेना, तर खाली सोडला. मग पुन्हा कमरेवर.

"बरं, पकड," ती म्हणाली. "वर नको. मुळाशी पकड."