कुंपणापलीकडची पेर्सिदा

हर्झेगोव्हिनाच्या डोंगरातून बनातच्या सपाटीवर उतरलेल्या योकाला सगळ्यात आधी खटकलं ते हे, की इथे एकही दगड नव्हता. नजर टाकावी तिथवर काळी माती आणि त्यावर आभाळ. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. सरकारने डोंगरातल्या उपाशी कुटुंबांना इथली रिकामी घरं आणि जमिनी वाटल्या होत्या. त्या घरांतून ज्यांना हाकललं होतं त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. योका, तिचा नवरा ओब्राद, सासू स्ताना आणि कडेवरची देसा अशी चौघं मालगाडीतून उतरली. घोडागाडीवाल्याने त्यांना चिखलातून नेऊन एका लांबलचक घरासमोर सोडलं.

स्ताना बाहेरच उभी राहिली. "ओब्राद, आपल्याबरोबर इथे आणखी कोण राहणार?"

"कुणी नाही, आई. आपणच."

"मग एवढ्या दारांतून ये-जा करायची कुणी?"

रस्त्याच्या बाजूची खोली तर चालायची भीती वाटावी इतकी गुळगुळीत होती. भिंतीवर आरसा, खाली चकचकीत लाकडी जमीन. पण ती घरातली सगळ्यात थंड खोली होती, आणि डोंगरात थंड खोलीचा उपयोग एकच असतो. ओब्रादने छताला आकडे ठोकले आणि मीठ लावलेला अख्खा मेंढा तिथे वाळत टांगला. दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली खिडकीशी थांबून बघायला लागली. सगळ्यांत पुढे शेजारची पेर्सिदा.

पेर्सिदा म्हणजे रुंद बाई, पांढराशुभ्र एप्रन, आणि गल्लीतली सगळ्यात धारदार जीभ. ती खिडकीतूनच म्हणाली, "शेजारीणबाई, आम्ही त्या खोलीत लग्नाचा फोटो लावतो हो. पण तुमच्या घरात सगळ्यात देखणा हाच असेल, तर राहू द्या!"

स्ताना पोट धरून हसली. ओब्रादही हसला. योका नाही हसली. पण त्याच पेर्सिदाने आत येऊन मातीच्या भट्टीत मक्याची धाटं कशी सारायची ते दाखवलं, म्हणून योकाने ते मनावर घेतलं नाही.

नोव्हेंबरात स्ताना गेली. पहाटे गेली, अजून शेजाऱ्यांनाही कळवलं नव्हतं. योकाने डोक्यावरचं काळं फडकं सोडलं, अंगणात प्रेताजवळ उभी राहिली आणि विलाप सुरू केला.

त्या डोंगरात माणूस रडत नाही, म्हणतो. बाई मेलेल्याच्या उशाशी उभी राहते आणि त्याचं आयुष्य खड्या आवाजात मांडते. तो कोण होता, त्याच्या हातांनी काय केलं, त्याचं कुठे चुकलं. शेवटी घरातल्या आधी गेलेल्यांना नावं घेऊन हाका मारते, या, याला न्यायला या, आणि त्याला त्यांच्या हाती देते. ते शेवटचं म्हटलं जाईपर्यंत मेलेला उंबऱ्यात अडकलेला. आणि हे एकदाच म्हणायचं, पुरण्याआधी. मोडलं तर पुन्हा जोडता येत नाही. योकाचा विलाप ऐकायला पलीकडच्या डोंगरावरून माणसं उतरून येत. आवाजच तसा होता तिचा, कडा चिरत जाणारा.

इथे चिरायला कडा नव्हता. आवाज सरळ कुंपण ओलांडून गेला, आणि कुंपणापलीकडे पेर्सिदाकडे डुक्कर कापायचा दिवस होता. गरम दारूचे पेले फिरत होते, आतडी धुतली जात होती, वीसेक माणसं कामाला लागली होती. योका स्तानाच्या हातांपर्यंत पोचली होती, बर्फात हरवलेली बकरी ज्या हातांनी घरी आणली त्या हातांपर्यंत. तेवढ्यात पेर्सिदाचं डोकं कुंपणावर आलं.

"अगं बाई! डुक्कर कापतोय आम्ही, आणि किंचाळतंय तुमच्याकडे!"

वीस माणसं हसली. एक तर हसता हसता खाली बसला.

योकाचा आवाज तिथेच थांबला. तिने पुन्हा तोंड उघडलं, छातीवर मूठ मारली. काही आलं नाही. ओब्राद म्हणाला, "योका, म्हण की." स्ताना तशीच मातीत गेली, हातांपर्यंत म्हटलेली, कुणाच्याही हाती न दिलेली.

पेर्सिदाला कळलं तेव्हा ती काळे कपडे घालून दफनाला आली, मेणबत्ती लावली, देसाच्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे ताज्या सॉसेजचं ताट पाठवलं. योकाने ते कुत्र्यापुढे ओतलं.

"अगं, तिला माहीत नव्हतं," ओब्राद म्हणाला.

"कळेल. ती पेटीत आडवी पडेल ना, तेव्हा मी तिच्या उशाशी उभी राहीन. प्रेतापाशी उभ्या बाईला कुणी थांबवत नाही. सगळ्या गल्लीसमोर सांगेन तिला, ती कोण ते."

त्या दिवसापासून योका पेर्सिदाचा विलाप रचायला लागली. धार काढताना एक ओळ, कणीक मळताना एक ओळ. पेर्सिदा दुधात पाणी घालते, ती ओळ. नवऱ्याला झाडूने बडवते, ती ओळ. दोष हवे तर लक्ष ठेवायला हवं. तेव्हा पेर्सिदा कधी उठते, बदकांशी काय बोलते, दोन्ही मुलगे जर्मनीला गेले त्या दिवशी किती वेळ फाटकाशी उभी होती, सगळं योकाला पाठ झालं.

मधल्या काळात घर रुजत गेलं. समोरच्या खोलीतले आकडे निघाले, पडदे आले. ओब्रादला पोट सुटलं. देसा इथल्यासारखी शब्द ताणून बोलायला लागली आणि पेर्सिदाच्या स्वयंपाकघरात खसखशीची गोड गुंडाळी खात मोठी झाली.

"आई, तू पेर्सिदामावशीशी बोलत नाहीस, पण दिवसभर बघत मात्र तिच्याकडेच असतेस," देसा एकदा म्हणाली.

"मला काम आहे तिच्याशी."

"कसलं?"

"झालं की कळेल."

पेर्सिदाचे पाय सुजले, नवरा वारला, ती घरासमोरच्या बाकावर दिवस काढायला लागली. एका दुपारी योका पाणी घेऊन जाताना तिने हाक मारली.

"ए डोंगरवाले, बस जरा. माझ्यावर काही रचतेस म्हणे. गोठ्यात पुटपुटतेस ते ऐकू येतं मला, कान शाबूत आहेत अजून."

"मरशील तेव्हा ऐक."

"तेव्हा काय ऐकू येणार, डोंबल! आत्ताच सांग. काय केलं मी तुझं?"

योकाने बादली खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ते वाक्य मोठ्याने उच्चारलं, जसंच्या तसं.

पेर्सिदा कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. मग म्हणाली, "मी म्हणाले असं? असेनही. दिवसातून दहा बोलते गं मी, कोण लक्षात ठेवतं." आणि तिला त्या वाक्याचंच हसू आलं. "पण झक्कास बोलले हं!"

योका बादली न घेताच घरी आली. कॉटवर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. जी बाई विसरूनच गेली तिला तिच्या प्रेतावर शिव्या घालून काय मिळणार? आणि गल्ली? ती तर दुधातल्या पाण्यावर पुन्हा हसेल, आणि म्हणेल, पेर्सिदा असती तर हिला बरोबर उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी धार काढताना तिने जुन्या ओळी टाकून दिल्या. सगळ्या. आणि नव्याने सुरुवात केली.

पुढच्या वसंतात पेर्सिदा गेली. मुलगे मोटार घेऊन जर्मनीहून आले. अंगणात पेटी, भोवती गल्ली, पाद्री येऊन गेलेला. योका फाटकातून आत शिरली तशी कुजबुज उठली. देसाने तिचा दंड पकडला. "आई, नको. तुझ्या पाया पडते. ती मला आईसारखी होती."

"माहीत आहे मला. सोड."

योकाने फडकं सोडलं आणि उभी राहिली.

आणि काय म्हणाली ती! वाकडा शब्द नाही. तिने पेर्सिदाला पहाटे बदकांशी बोलताना उभं केलं. परक्या पोरीला खसखस चारणारे हात दाखवले, थंडीत कुडकुडणाऱ्या उपऱ्यांची भट्टी पेटवणारे हात. फाटकाशी मुलांच्या वाटेकडे बघत उभी राहिलेली आई दाखवली. त्या सपाटीवर माणसं चारचौघांत रडत नाहीत, नाक शिंकरतात आणि हवापाण्याचं बोलतात. त्या दिवशी टोप्या काढून रडली. धाकटा मुलगा पेटीवर कोसळला. थोरल्या झार्कोला पहिल्यांदाच आपली आई कोण होती ते कळत होतं. देसा तोंडावर रुमाल धरून उभी होती आणि आईकडे जन्मात पाहिलं नसल्यासारखी बघत होती.

आवाज चढत गेला. आता नावं येणार, आधी गेलेल्यांना हाका जाणार, हे डोंगरातून आलेल्या प्रत्येकाला कळलं. बाकीच्यांना न सांगता कळलं. अंगणाने श्वास रोखून धरला.

योका थांबली. फडकं उचललं, डोक्याला बांधलं, हनुवटीखाली गाठ मारली.

"एवढंच," ती म्हणाली, आणि घरी गेली.

ओब्राद तिच्या मागोमाग आला, त्याला धाप लागली होती. "योका, अगं किती सुंदर म्हणालीस. पुढचं चार ओळींचं काम होतं. तिला पोचवायला तुझं काय जाणार होतं?"

"काही नाही."

"मग?"

"मग नाही पोचवली."

झार्को फाटकाशी आला. डोळे सुजलेले, टोपी हातात. "काकू, हात जोडतो. शेवटचं म्हणा. नाहीतर ती उंबऱ्यात अडकते, म्हणतात तुमची माणसं. तिला तशीच कशी उचलायची? माणसं थांबली आहेत."

"थांबू देत."

"आमची काही चूक झाली का?"

"तुझी नाही. तू लहान होतास. कुंपणाशी उभा राहून हसत होतास."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग गेला. देसा आतच आली नाही.

योकाने हात धुतले, टेबलाशी बसली आणि पाव पुढे ओढला. स्तानाला जमिनीत घातल्यापासून त्या घरातला घास तिला नीट गोड लागला नव्हता. आज तिने मोठा तुकडा तोडला, त्यावर डुकराची चरबी थापली, वरून कांदा ठेवला.

"झालं समाधान?" ओब्रादने विचारलं.

"मीठ द्या इकडे," योका म्हणाली, आणि जेवत राहिली. बाहेर गल्लीत पेटी उचलायची की नाही ते अजून कुणाला ठरवता येत नव्हतं.