गरिबीचा पुरावा

धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर एक निवृत्त हेडक्लार्क बसतात. घसा खाकरल्याशिवाय ते वाक्य सुरू करत नाहीत. सत्ता देवानंच नेमलेली असते, असं बायबल सांगतं म्हणून घरपट्टी सगळ्यांच्या आधी भरतात. पण सरकारनं फुकट धान्य वाटलं की चिडतात. "सरकारनं कर घ्यावा. गरिबांना सांभाळणं चर्चचं काम," हे मी दर रविवारी ऐकतो.

यंदा नाताळाआधी चर्चनं ब्लँकेटं वाटली. वाटप त्यांच्याकडे होतं. टेबलाशी बसून ते प्रत्येकाकडे पिवळं रेशनकार्ड मागत होते.

मी म्हणालो, "गरीब कोण, हे सरकारच ठरवणार का?"

त्यांनी घसा खाकरला. "मग दुसरं कोण ठरवणार?"

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. "कार्ड नई शे भाऊ. थंडी लागी ऱ्हायनी."

"मग ब्लँकेट देता येणार नाही, अक्का," म्हणत ते उठले. अंगातला स्वेटर काढून त्यांनी तिच्या खांद्यांवर घातला आणि नुसत्या शर्टावर पुन्हा खुर्चीत बसले. मी काही बोलणार, तोच त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसापुढे हात केला.

"कार्ड?"