वरण, एक वाटी

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजोबा अशी कोंबडीसारखी मान वाकडी करून का बघतात?" थोरल्याने तिला कोपराने ढोसलं. आजोबा हसून म्हणाले, "तू नीट दिसावीस म्हणून." मग तुमच्या आईने फोन घेतला आणि विषय बदलला.

प्रश्न चांगला होता. चांगल्या प्रश्नाला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये, हे मी तीस वर्षं शाळेत मुलांना सांगत आले. म्हणून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण या गोष्टी आमच्या घरात मराठीत घडल्या. आई वाचून दाखवेल.

आजोबांना मधुमेह आहे, एवढं तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत औषध घालून, उजेड टाकून बराच वेळ तपासलं आणि मग मला आत बोलावलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. उजव्यात जास्त, डाव्यात थोडे. "साखर खाली आणा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर हे वाढत जाईल, आणि गेलेली नजर मला परत देता येणार नाही."

त्याच संध्याकाळी मी नेरूळ स्टेशनजवळच्या दुकानातून एकरेघी वही आणली. पहिल्या पानावर रकाने आखले. वेळ, पदार्थ, माप, रक्तातली साखर. फोडणीचं तेल चमच्याने मोजायला लागले. फुलक्याची कणीक वजनकाट्यावर ठेवायला लागले. वरणाची वाटी ठरवून टाकली, तीच स्टीलची, जिच्या काठाला बारीक पोचा आहे. साखर घरातून पूर्ण बंद केली. साखरेच्या डब्यात मेथीदाणे भरले.

आजोबांनी कुरकुर केली नाही. फक्त मला "बाई" म्हणायला लागले, शाळेतल्यासारखं. जेवण झालं की पाटी पुसून बसलेल्या मुलासारखे हात पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, हजेरी घ्या."

आता त्या हॉटेलबद्दल. आमच्या सोसायटीच्या मागे जुनं गाव आहे. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्या गावातल्या एका घराची भातशेती होती. त्या घराने आता रस्त्यालगत स्वतःची चार मजली इमारत बांधली आहे, आणि तळमजल्यावर त्यांचं हॉटेल आहे. पुढे कुटुंबांसाठी टेबलं, मागे दारू पिणाऱ्यांसाठी परमिट रूम. स्वयंपाकघर मालकीण स्वतः बघते. आजोबांचे एक मित्र बायको गेल्यापासून तिथेच जेवतात. त्यांना एकट्याने जेवावं लागू नये म्हणून आजोबा आठवड्यातून चार संध्याकाळी त्यांच्याबरोबर जात. मित्र मागे बसून बिअर घेत. आजोबा दारूला शिवत नाहीत, पण तिथेच, त्यांच्या समोर बसून जेवत.

मी त्यालाही हरकत घेतली नाही. मैत्री ही गोष्ट मोडून टाकण्यासारखी नव्हती, आणि माझ्याकडे वही होती. ते घरी आले की मी दारातच विचारायची.

"काय खाल्लंत?"

"वरण."

"किती?"

"एक वाटी."

"रोटी?"

"दोन. बटर नको म्हणून सांगितलं. खारा लिंबू सोडा. काकडी-कांदा. झालं, बाई?"

मी लिहायची. वरण, एक वाटी. रोटी, दोन, कोरड्या. लिंबू सोडा, खारा. अक्षर सुवाच्य, रकान्याच्या बाहेर एक मात्रा जायची नाही.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर वाढली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वही पानापानाने चाळली आणि म्हणाले, "अशी वही मी माझ्या एकाही पेशंटकडे पाहिली नाही. खाण्यात चूक नाही, म्हणजे औषधच कमी पडतंय." त्यांनी गोळी वाढवली. मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगते. मला अभिमान वाटला.

आजोबा बारीक होत चालले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं. मला वाटलं, माझ्या मापांचा परिणाम दिसतोय. अनावर साखरेनेही माणूस असाच वाळतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही मी ते आमच्या घराला लावून पाहिलं नाही. उलट घरचं आणखी कमी केलं. सकाळचे दोन फुलके होते, त्याचा एक झाला. पुढच्या तपासणीत साखर पुन्हा वर. गोळी पुन्हा वाढली.

मग ती सकाळ आली. ते बाल्कनीत पेपर वाचत होते. मला हाक मारली, "अगं, इथे कोळ्याने जाळं केलंय का बघ." मी झाडू घेऊन गेले. जाळं नव्हतं. ते हवेत हात फिरवत होते. काळा धागा खाली सरकतोय म्हणाले, मग दोन धागे म्हणाले. दुपारपर्यंत उजव्या डोळ्यासमोर तपकिरी पडदा आला होता. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. त्या डोळ्याने आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळतं. मान वाकडी करून ते तुम्हाला डाव्या डोळ्यासमोर आणतात, धाकटे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे संपतं.

पण हे का झालं, ते मला त्यानंतर कळलं.

हॉटेलच्या मालकिणीच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीचा मांडव रस्त्यापर्यंत आला आणि हॉटेलच्या शटरवर कागद लागला, आठ दिवस बंद. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. आम्ही गेलो, मुलीला साडी दिली आणि न जेवता परत आलो. माझाच निर्णय. मित्र त्या आठवड्यात कळंबोलीला लेकीकडे राहायला गेले. आजोबा आठही दिवस घरी जेवणार होते. सगळं माझ्या मापाचं. मला वाटलं, हा आठवडा आपल्या हातात आहे.

सहाव्या दिवशी सकाळी, गोळी घेऊन झाल्यावर, मी तव्यावर फुलका टाकत होते. ते टेबलाशी बसून म्हणाले, "बाई, आज मॉनिटर कोण आहे?"

मी म्हटलं, "तुम्हीच. पुसा फळा."

ते उठले आणि खरोखरच पंच्याने भिंत पुसायला लागले. मी हसले. मग त्यांचा शर्ट दिसला. पाठीला चिकटलेला, नळाखाली धरल्यासारखा ओला. हात थरथरत होते. मी नावाने हाक मारली, कधी मारत नाही तशी. त्यांनी वळून अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

रक्तातली साखर एकदम उतरली होती. मी साखरेच्या डब्याकडे धावले. झाकण उघडलं तर मेथीदाणे. गूळ नाही, मध नाही, बिस्किट नाही. शोधून शोधून मीच सगळं घराबाहेर काढलं होतं. फुलका तव्यावर जळत होता आणि ते भिंत पुसत होते.

मी दार उघडून बाहेर आले. समोरच्या घरात मराठवाड्यातलं एक कुटुंब राहतं. तिथली ताई ऑफिसला निघाली होती, डब्याची पिशवी खांद्याला. माझ्या तोंडाकडे बघून ती चप्पल न काढता आत गेली आणि साखरेची बरणीच घेऊन आली. पाण्यात कालवून तिनेच त्यांना घोट घोट पाजलं, एका हाताने हनुवटी धरून. ते सावरले तेव्हा तिने विचारलं, "मावशी, चिमूटभर साखर नाही घरात? शुगरच्या पेशंटच्या घरात तर पाहिजेच ना!" तिला माहीत होतं. तिच्या वडिलांना होता मधुमेह. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. माझ्या नियमात ते बसत नव्हतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "साखर एवढी खाली गेली म्हणजे खाणं अचानक कमी झालं. या आठवड्यात काय बदललं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. हा घरचा आठवडा आणि मागचा हॉटेलचा आठवडा, समोरासमोरची दोन पानं. वरण, एक वाटी. वरण, एक वाटी. शब्द तेच, आकडे तेच. डॉक्टरांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. मग ते सावकाश म्हणाले, "यातल्या एका पानावर जे लिहिलंय ते खरं नाही. आणि मी गोळ्या त्या पानावरून वाढवल्यात."

हॉटेल उघडल्यावर मी दुपारी चार वाजता गेले, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पर्समध्ये माझी वाटी आणि माझा चमचा होता. मालकीण कांदे निवडत बसली होती. हाताची मेंदी अजून उतरली नव्हती.

"या काकी! लग्नाला आल्या नि बिनजेवल्या गेल्या. आमच्या मांडवान इख कालवलं होतं का?"

इख म्हणजे विष. मी तिची माफी मागितली. मग विचारलं, आमच्या यांना तुम्ही नेहमी काय देता, तसंच करून दाखवाल का? ती खूश झाली. कढई ठेवली आणि तेल ओतलं, बाटलीनेच. मी चमचा पर्समधून काढलाच नाही. फोडणी झाली, शिजवलेली डाळ पडली, त्यावर बटरची वडी, त्यावर फ्रेश क्रीमची धार. बटरच्या मागोमाग तिने चिमूट नव्हे, चांगली चमचाभर साखर टाकली, तिखटाला उतारा म्हणून. डाळ घट्ट व्हावी म्हणून वाटीभर पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. मग तिने ते भांड्यात काढलं.

"ही काकांची वाटी."

माझी पोचा पडलेली वाटी मी त्याच्याशेजारी ठेवली. तिच्यासारख्या तीन त्यात मावल्या असत्या.

रोटीचं पीठ मैद्याचं, दूध-साखर घालून भिजवलेलं. वरून बटर लावत नव्हती, तेवढं खरं होतं. सोड्यात मीठ होतं आणि साखरेचा पाकही होता.

"ते खारा मागतात ना?" मी विचारलं.

"मागतात की. पन नुसता खारा आंबट लागतो. मंग मी गोड-खारा करताय." तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिंबाची सुरी खाली ठेवली. "काकी, मना काय म्हाईत? काका दर महिन्याला बारीक बारीक व्हायला लागले. मी म्हटला, घरान काय खायाला देत नाय का काय यांना? मंग मी त्यांच्या डालीन जास्तच टाकाया लागले. माझे बापूस पन असेच वाळले होते."

 मी घरी कमी करत होते, ते वाळत होते, ती वाढवत होती. आणि गोळ्या आमच्या दोघींच्या मधून वर वर चढत होत्या. शेवटी मी तिला डोळ्याचं सांगितलं. तिने पदर तोंडाशी नेला.

त्या संध्याकाळी मी आजोबांना विचारलं, "तुम्हाला चवीवरून कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी मान वाकडी करून मला नीट समोर आणलं. "सांगितलं असतं तर तू तेही बंद केलं असतंस. आणि तू विचारायचीस, किती? मी म्हणायचो, एक वाटी. ती एकच असायची."

मी रागावले नाही. ते खोटं बोलले होते आणि मीही कधी उठून ती वाटी बघायला गेले नव्हते. तीनशे पावलांवर होती.

आता आजोबा हॉटेलात जातात, पण आठवड्यातून एकदा. मालकीण त्यांची डाळ वेगळी शिजवते, माझ्या वाटीने. ती वाटी मी तिलाच देऊन टाकली. साखरेच्या डब्यात साखर आहे. गोळ्या कमी झाल्या. मागच्या तपासणीत साखर पहिल्यांदा खाली आली, आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात नवे ठिपके दाखवले. आधीच्या दिवसांचं आता दिसतंय, असं ते म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे.

वही आता मी लिहीत नाही. ते स्वतः लिहितात, खाल्लेलं सगळं, लपवाछपवी न करता. जेवण झालं की दिवा जवळ ओढून, डावा डोळा कागदाजवळ नेऊन. मी भांडी आवरता आवरता मागून बघते. काय खाल्लं ते नाही बघत. महिनाभरापूर्वी त्यांच्या ओळी रेघेवर नीट बसत होत्या. काल 'वरण' रेघेवर सुरू झालं, आणि 'वाटी' खालच्या ओळीवर जाऊन पडली. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "अक्षर बरं आहे ना, बाई?"

मी बरं आहे म्हटलं.