यात एक तास निघते

रस्त्यात पडलेलं वेष्टन उचलायचं, शर्टाच्या बाहीला पुसायचं, चष्मा कपाळावर चढवून वाचायचं आणि खुशीत म्हणायचं, "यात एक तास निघते हो!" आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना कचऱ्यातही तास दिसायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा मास्तर असेल. आपण त्याला हसतो आणि पोरं त्याच्याच तासाची वाट बघतात.

पवनारला एका लग्नात वरात दारात आली, तरी सर मंडपामागे कूलरच्या खोक्यावरच्या सूचना वाचत उभे. शेवटी नवरीच्या बापाकडून ते खोकं मागून घेतलं आणि आर्वीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. मी त्याच शाळेतला गणिताचा मास्तर, शेजारी बसलेला, मला लाज वाटली.

नववीत एक गोंडाची मुलगी होती. पुस्तक उघडलं की तिचं तोंड बंद. सरांनी तिला फवारणीच्या औषधाचा कागद दिला. "घरी तुह्या बाबाले वाचून दाखवजो." दुसऱ्या दिवशी ती आपणहून उभी राहिली. अडखळत सगळा कागद वाचला आणि म्हणाली, "बाबानं बाटली आता उंच ठेवली, सर." सरांनी ही गोष्ट स्टाफरूममध्ये त्या दिवशी चार वेळा सांगितली. चौथ्यांदाही नव्यानेच.

पण त्यांचा खरा जीव दोन टिनाच्या पेट्यांत होता. दरवर्षी ते पोरांना आपल्या घरचं एक काम इंग्रजीत लिहायला लावत. कापूस कसा वेचायचा, कोथिंबिरीची सांबारवडी कशी करायची. "पुस्तकातला पोरगा केक करते, आपला म्हैस धुते. धुऊ द्या न त्याले इंग्रजीत!" यंदाची पोरं मागच्या पोरांचे कागद वाचत, चुका काढत, आपल्या मोठ्या भावाचं अक्षर सापडलं की ओरडत. त्या पेट्यांत किती वर्षांचे कागद होते, देव जाणे.

मग शाळेची तपासणी आली. सर दवाखान्यासाठी रजेवर आणि सफाई माझ्याकडे. पेट्या उघडल्या तर वेष्टनं, मळके कागद, उंदरांच्या लेंड्या. नीट न बघताच मी चपराशाला म्हणालो, "मागे नेऊन जाळून टाक." खोली लख्ख झाली. साहेबांनी शाबासकी दिली, मीही फुगलो.

सर परत आले, रिकाम्या पेट्यांपाशी उभे राहिले. माझी जीभ फिरली. "उधईनं सगळे कागद पोखरले होते सर, जाळावे लागले."

त्यांनी दोन्ही पेट्यांची झाकणं लावली. मग म्हणाले, "उधईले काय समजते, सर. तिलेही पोट हाये."

बस्स, विषय संपला. खरं सांगेन, आज सांगेन म्हणत मी वर्ष काढलं. त्यांनी पुन्हा कागद जमवायला घेतले, पण दुखणं वाढत गेलं. दिवाळीच्या सुट्टीत सर गेले.

तेरवीनंतर मी नालवाडीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींसमोर मान खाली घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं, भाऊ. चपराशानं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं, विचारा न एकडाव. तर म्हणे, राहू दे, गणिताचे सर शरमतीन." पदराने त्यांनी डोळे पुसले. "पण दोन दिवस घरी पानाले हात नाई लावला त्याईनं. शाळेतून डबा तेवढा रिकामा येत जाय. वाटे, चला, तितकं तरी पोटात गेलं."

मला सगळं आठवलं. त्या दोन्ही दिवशी सरांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला होता. "मले भूक नाई, तुमी घ्या." भरली वांगी होती. मी शेवटच्या पोळीने डबा पुसून खाल्ला होता.

वहिनींना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.