वारा वाया जाऊ न देणाऱ्या आक्का

वारा सुटला की माहेरचं माणूस दारात आल्यासारखी लगबग करणारी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या बायकोची थोरली बहीण निघाली. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. वीज कंपनीत त्या इंजिनियर. कुठल्या वेळी कुठं किती वीज सोडायची, हे बघायचं त्यांचं काम. ते काम त्या घरीही करत. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटात गिझर चालू असताना कोणी मिक्सर लावला, तर बाथरूममधून हाक येई, "एका वेळी एकच." आमच्या मुलीच्या बारशाला आचाऱ्यावर भार नको म्हणून त्यांनी इतक्या बारक्या पंगती बसवल्या, की शेवटच्या पंगतीची वाट बघता बघता सासूबाईंना भोवळ आली.

सांगोल्याकडच्या माळांवर पवनचक्क्या वाढल्या आणि आक्कांची झोप उडाली. दुपारी वारा चढला की वीज लायनीत मावेना. मग हुकूम यायचा, चक्क्या थांबवा. शेतीपंपांना मात्र वीज मिळायची रात्री, तीही बाहेरून विकत आणलेली. "आलेल्या पाहुण्याला दारातून परत लावायचं आणि रात्री शेजाऱ्याचं दार वाजवायचं, हा कुठला संसार?" असं त्या भाकरी मोडताना विचारत. आम्ही चटणी पुढं सरकवत असू.

शेवटी त्यांनी साहेबांना पटवलं: वाऱ्याचा अंदाज बघून पंपांची पाळी दिवसा लावायची. वाऱ्यानं दगा दिला असता तर तालुका अंधारात आणि ठपका आक्कांवर. पहिल्या दिवशी मी त्यांच्या कचेरीत डबा द्यायला गेलो, तर पडद्यावर वाऱ्याचा आकडा निपचित पडलेला.

"मॅडम, पाळी रद्द करू या," साहेब म्हणाले.

"थांबा की थोडं." आक्का खिडकीतून कडुनिंबाकडं बघत बसल्या. कडुनिंब सोलापुरात, चक्क्या सांगोल्याकडं; पण सांगणार कोण?

मग आकडा हलला, चढला, चढतच राहिला. "गाळी बंतु," आक्का कानडीत पुटपुटल्या. वारा आला होता. एकेका गावाचे पंप सुरू झाले. आली तेवढी सगळी वीज खपली. एकही चक्की थांबवावी लागली नाही. संध्याकाळच्या आत एका शेतकऱ्याचा फोन आला, "मॅडम, डाळिंबाला दिवसाउजेडी पानी देतोय की. लई बरं वाटतंय." आक्कांनी डबा उघडला आणि साहेबांसकट सगळ्यांना शेंगाचटणी वाढली, तीही एकदम.

त्या यशामुळं त्यांना बढती मिळाली, मुंबईच्या मुख्य कचेरीत. साऱ्या राज्याचा वारा आता त्या सांभाळतात. पण तिथल्या काचा उघडत नाहीत म्हणे. आखाडात इकडं वारं सुटलं की माझी बायको त्यांना फोन लावते आणि तो गॅलरीबाहेर वाऱ्यात धरते. पलीकडून आक्का म्हणतात, "धर की अजून थोडं."