बत्तीस वायरी, बत्तीस खुणा

आमच्या घरी बनलेलं विमान सुरूच होईना, तेव्हा त्यातली प्रत्येक वायर ठणठणीत होती.

हे मी लेखी देऊ शकतो. दादानं वरोऱ्याजवळच्या शेतातल्या शेडमध्ये तीन वर्षं खपून लोखंडी नळ्यांचं, एका माणसापुरतं विमान जोडलं. वायरिंग तपासायचं काम माझ्याकडे, कारण घरात यादी करणारा मी एकटाच. (सहलीला निघालो की छत्र्यांनाही क्रमांक देतो.) मीटरची एक पिन वायरच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. 'टूं' वाजलं की बरोबरची खूण. बत्तीस वायरी, बत्तीस खुणा!

वहिनीनं मुदत दिली होती. "आयतवारी शेडमंदी कापूस येते. तवर इंजिन सुरू झालं नाई, त हे धूड भंगारात!"

आयतवार उजाडला. दादानं विमानाचा दिवा लावला, तर पेट्रोलचा काटा टाकी फुल्ल दाखवू लागला. (टाकीत जेमतेम दोन लिटर!) स्टार्टर दाबला, तर दिवा विझला आणि इंजिन नुसतं 'टक्' म्हणालं.

"बॅटरी बदल," मी म्हणालो.

बदलली. टक्!

"उंदरानं वायर खाल्ली असंन बे," दादा कुरकुरला.

"शक्यच नाही. यादी पाह्य!"

इकडे विमानाच्या शेपटीमागे कापसाचा पहिला ढीग पडलासुद्धा. दादाचा चेहरा बघवेना. तेवढ्यात कापूस टाकायला आलेली वहिनी सांगाड्यापाशी वाकली.

"भाऊजी, निगेटिव्हच्या वायरी सांगाड्याले जोडल्या, तिथी हा लाल रंग कोनं देल्ला?"

"मीच! गंजू नये म्हणून. दोन हात दिले. क्रमांक अकरा, रंग देणे. क्रमांक बारा, वायरी जोडणे."

"रंगातून करंट जाते काय? ट्रॅक्टरची वायर बसवतानी आपन लोखंड घासून पांढरं करतो, अन् तुमी त्याले नटवून राह्यले!"

मीटर मी वायरीला लावलं होतं. वायर आणि सांगाडा यांच्यामध्ये लावायचं यादीत नव्हतं.

वहिनीनंच कानस घेतली. खरवड खरवड खरवडलं. दादानं स्टार्टर दाबला आणि इंजिन गरजलं! पंखा फिरला, दादा ओरडला, मी खूण करायला पेन काढलं.

"कापूस!" वहिनी किंचाळली.

पंख्याचा सगळा वारा मागे गेला होता. ढीग उठला, दारातून निघाला आणि शेजाऱ्याच्या तुरीवर जाऊन बसला. विमान जागचं हललं नव्हतं!

वहिनीनं शब्द पाळला. विमान शेडमध्येच राहिलं. मग तिनं माझ्याकडून कागद मागून आयुष्यातली पहिली यादी केली. त्यात एकच काम होतं : 'कापूस वेचणे – भाऊजी.'

खुणेचं पेन तिनं स्वतःकडे ठेवलं.